उंबरा, काटे आणि व्हिनेगर : आशियाई रक्तपिपासूंच्या खेळपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी, सांगली

९ जून

पुस्तिकेचा आवाका आज ठरला. ए५ आकार, ३२ पानं, टेबलाभोवती बसून खेळायचे चार प्रवेश. चार खेळाडू आणि एक सूत्रधार, म्हणजे डीएम. पात्रं तिसऱ्या लेव्हलची, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीवरची. नियमांचा पाया डन्जन्स अँड ड्रॅगन्स ह्या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाच्या एसआरडी ५.१ चा, म्हणजे त्याच्या मूळ नियमसंग्रहाचा. जानेवारी २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ४.० परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे मराठीत बांधायला अडचण नाही. श्रेयाचं वाक्य मात्र छापावंच लागतं. त्यासाठी शेवटच्या पानावर आत्ताच जागा राखून ठेवली.

एसआरडीतला व्हॅम्पायर युरोपचा आहे. शवपेटी, छातीत खुंटी, वाहत्या पाण्याची भीती, बोलावल्याशिवाय घरात न येणं. बऱ्याच घरगुती मोहिमांत त्याच्याच ताकदीच्या आकड्यांवर चिनी किंवा मलय नाव चिकटवलं जातं आणि ‘आशियाई व्हॅम्पायर’ तयार होतो. खेळाडू दोन फेऱ्यांत ओळखतात आणि खुंटी शोधायला लागतात. मग नाव बदलून काय मिळालं?

म्हणून ह्या पुस्तिकेचा नियम असा : उपाय आधी, आकडे शेवटी. त्या त्या मुलखात लोक घराला काय बांधतात, दारात काय ठेवतात, कशाचा वास ओळखतात, ते पानाच्या पहिल्या ओळीत येईल. त्या उपायाने टेबलावरच्या खेळाडूंचं वागणं बदलत नसेल, तर ते भूत पुस्तिकेत घ्यायचं नाही.

निवड : चीनचा जियांगशी, मलय मुलखातली पेनांगलान, फिलिपिन्सची मनानांगल आणि आपला वेताळ. थायलंडची क्रासुए आणि बालीचा लेयाक सध्या बाहेर. दोन्हींत डोकं आतड्यांसकट सुटून फिरतं, त्यामुळे पेनांगलानच्या शेजारी त्यांना घाईत बसवलं तर तिघींचं एकच भूत होऊन बसेल. क्रासुएचा रात्री दिसणारा उजेड आणि घराभोवतीचं काटेरी बांबूचं कुंपण, एवढ्यावर तिचा स्वतंत्र प्रवेश उभा राहू शकतो. तो पुढच्या पुस्तिकेत.

आणखी एक : ‘आशिया’ नावाचा एकच गूढ देश करायचा नाही. प्रत्येक प्रवेश आपापल्या जागी घडेल, आणि एका प्रवेशातली वस्तू दुसऱ्यात जाणार नाही.

१६ जून — जियांगशी

ताठरलेलं प्रेत, पुढे पसरलेले हात, चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याचा झगा, आणि चालणं म्हणजे उड्या. १८व्या शतकातल्या युआन मेई आणि जी युन यांच्या संग्रहांत ह्या प्रेतांच्या कथा आहेत. हुनान प्रांताच्या पश्चिम भागात परगावी मेलेल्या मजुरांची प्रेतं गावी नेण्याची प्रथा सांगतात. दोन लांब बांबूंना प्रेतं बांधून पुढे-मागे दोन माणसं चालायची. बांबू लवचिक, त्यामुळे अंधारात लांबून प्रेतं उड्या मारताहेत असं दिसायचं. हा खुलासा पुस्तिकेत चौकटीत येईल, कारण सूत्रधाराला प्रवेशाची सुरुवात त्यातूनच मिळते : रात्री रस्त्यावर घंटा वाजते आहे, मागून एक रांग येते आहे, आणि रांगेतल्या शेवटच्या प्रेताला बांबू नाही.

आता खेळ. जियांगशी माणसाचा श्वास हुंगतो. श्वास रोखला की त्याला माणूस सापडत नाही. एसआरडीप्रमाणे पात्र १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (काटकपणाचा आकडा) इतकी मिनिटं श्वास रोखू शकतं. एका मिनिटाच्या १० फेऱ्या होतात. म्हणजे साधं पात्रसुद्धा अख्खी चकमक श्वास न घेता काढेल, आणि उपायातला जीवच जाईल. म्हणून इथे नियम आवळला आहे. श्वास रोखलेलं पात्र बोलू शकत नाही, म्हणून उच्चार लागणारे मंत्र बंद. हल्ला केला किंवा धावलं, तर डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वीस बाजूंच्या फाशावर मॉडिफायर धरून निदान १० यायला हवेत), चुकला की श्वास सुटला. उभं राहायचं असेल तर फासा नाही. त्यामुळे भर चकमकीत चारही खेळाडू पुतळ्यासारखे गप्प उभे राहतात आणि कोण आधी हलतो ते बघतात. हेच हवं आहे. खेळाडूंना स्वतःचा श्वास रोखायला मात्र कधीही सांगायचं नाही, टेबलावर दम्याचं कोणी असू शकतं.

दुसरा उपाय उंबरा. चिनी घराचा उंबरा वीतभर उंच असतो आणि ताठ पायांच्या प्रेताला तो ओलांडता येत नाही. सांगलीच्या जुन्या वाड्यांत ठेच लागलेल्या कोणालाही हे समजवावं लागत नाही. पटावर उंबरा जाड रेघेने दाखवायचा. जियांगशी तो ओलांडू शकत नाही, फोडू शकतो : लाकडाचा आर्मर क्लास (घाव लागायला फाशावर लागणारा आकडा) १५, हिट पॉइंट (सोसता येणारं नुकसान) १०.

आकडे : आर्मर क्लास १२, हिट पॉइंट ५२, म्हणजे ८डी८ (आठ बाजूंचे आठ फासे) अधिक १६ ची सरासरी. एका उडीत २० फूट, पण सरळ रेषेत. दिशा बदलायची तर त्या फेरीत उडी नाही. साध्या शस्त्राने अर्धंच नुकसान, आणि दर फेरीला १० हिट पॉइंट भरून निघतात. ह्या दोन गोष्टी का, तर चार तिसऱ्या लेव्हलची पात्रं मिळून फेरीला सरासरी २० च्या आसपास नुकसान करतात. अर्धं झालं की १०, आणि तेवढं तो भरून काढतो. नुसत्या तलवारीने लढाई जागची हलत नाही आणि तिसऱ्या फेरीत कोणीतरी म्हणतंच, ‘दुसरं काहीतरी करायला हवं.’ पीच वृक्षाच्या लाकडाचं हत्यार लागलं तर पूर्ण नुकसान, आणि त्या फेरीत भरणं बंद. कोंबडा आरवला की तो निघून जातो. हा कोंबडा सूत्रधाराने खेळाडूंच्या हातात द्यावा, म्हणजे पोत्यात घालून बरोबर नेता येईल असा. नाहीतर पहाट म्हणजे सूत्रधाराची मेहेरबानी ठरते.

२२ जून — हळदीचा कागद

जियांगशीच्या कपाळावर पिवळ्या कागदाचा ताईत चिकटवला की तो जागीच थांबतो. खऱ्या ताइतावर लाल अक्षरं हिंगुळाने लिहितात. हिंगुळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. तो टेबलावर आणायचाच नाही. आपल्याकडे त्याला उत्तम पर्याय आहे, आणि तो सांगलीतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो.

हळद अल्कलीने लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तो ह्याच गुणासाठी. म्हणून हळदीने रंगवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्याने लिहिलं की अक्षरं डोळ्यांदेखत लाल उमटतात. खेळाडू आपल्या पाळीला स्वतः ताईत लिहितो आणि टेबलावरच्या प्याद्याला टेकवतो.

कृती : १० ग्रॅम हळद, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, नुसता गाळ बसतो आणि कागदावर ठिपके पडतात. अल्कोहोलात रंगद्रव्य विरघळतं. बाटलीत घालून हलवायचं, अर्धा तास निवळू द्यायचं, मलमलीतून गाळायचं. दारं-खिडक्या उघड्या, गॅस बंद, उदबत्तीसुद्धा नाही, कारण हा द्रव पेट घेतो. एक इंची ब्रशने एका बाजूला एकच हात मारायचा. एवढ्यात ए४ चे साधारण १० कागद होतात. सावलीत वाळवायचं. उन्हात हळदीचा रंग उडतो, काही दिवस खिडकीत राहिलेला कागद फिक्कट होतो. वाळल्यावर जाड वहीत किंवा काळ्या पिशवीत ठेवायचा.

पट्टीचं माप ५ बाय १४ सेंटिमीटर. एका ए४ मधून आठ निघतात. १५ सेंटिमीटर केली तर कागदाची उंची २९.७ असल्याने दुसरी ओळ बसत नाही आणि निम्मा कागद वाया जातो.

शाई : १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा सौम्य पडतो, अक्षर जेमतेम नारिंगी दिसतं. चुन्याच्या निवळीने रंग छान येतो, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून तो टाळला. सोड्यानंतरही हात धुवायचे. लिहायला कान साफ करायची कापसाची काडी पुरते, ब्रशने रेघ पसरते. लाल रंग टिकाऊ नाही, तपकिरी होत जातो. म्हणून ताईत आदल्या दिवशी लिहून ठेवू नये.

कागदावर खरे दाओवादी मंत्र उतरवायचे नाहीत, तो लोकांच्या उपासनेचा भाग आहे. खेळाडूने आपल्या पात्राचं नाव मोडीत किंवा देवनागरीत लिहावं, एवढं पुरे.

नियम : ताईत लावायला हल्ल्याचा फासा, यशस्वी झाला की जियांगशी थांबला. त्यानंतर त्याला कोणी मारलं, किंवा वारा-पाऊस असेल, तर दर फेरीला डी६, १ पडला की कागद गळाला. तीन फेऱ्या टिकण्याची शक्यता ५८% येते. तेवढ्या वेळात त्याला बांबूला बांधायचं.

३० जून — पेनांगलान

दिवसा बाई, रात्री तिचं डोकं आतड्यांसकट धडापासून सुटून उडतं. बाळंतिणीचं आणि नवजात बाळाचं रक्त हे तिचं भक्ष्य. परतल्यावर फुगलेली आतडी व्हिनेगरच्या रांजणात बुडवून आकसवते, तेव्हाच ती धडात बसतात. म्हणून तिच्या अंगाला व्हिनेगरचा वास. उपाय काट्यांचा : खिडक्यांना मेंगकुआंगची काटेरी पानं बांधतात, लोंबणारी आतडी त्यांत अडकतात. मलय घरं खांबांवर उभी, फळ्यांच्या जमिनीला फटी. म्हणून घराखाली अननस लावतात, तेही काट्यांसाठीच.

मेंगकुआंग आपल्या केवड्याच्या कुळातली. गणपतीच्या दिवसांत फुलबाजारात केवड्याची कणसं येतात, त्यातलं एक पान टेबलावर ठेवावं. कडेचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात. लोकरीचा धागा त्यावरून ओढला की अडकतोच, सोडवायला गेलं तर आणखी गुंततो. नियम वाचून दाखवण्यापेक्षा हे एकदा करून दाखवलं की पुरतं. पान देठाकडून धरायचं, कडेने बोट कापतं.

प्रवेशातल्या घराला सात वाटा आहेत : चार खिडक्या, दोन दारं, फळ्यांमधली एक मोठी फट. काट्यांच्या जुड्या पाचच. ही टंचाई सांभाळायलाच हवी. सातही वाटा बंद करता आल्या तर सगळी रात्र नुसती वाट बघण्यात जाते आणि प्रवेश तिथेच मरतो. खेळाडूंनी जुड्या बांधण्याआधी सूत्रधाराने तिची वाट चिठ्ठीवर लिहून पालथी ठेवायची, म्हणजे मागाहून बदलली अशी शंका उरत नाही. काट्यांची वाट निघण्याची शक्यता ५/७. तिथे तिला डीसी १४ चा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह, तिचा मॉडिफायर अधिक ३, म्हणजे निम्म्या वेळा अडकते. दोन्ही मिळून ३६%. काटे हा रामबाण नाही, आणि खेळाडूंना तो तसा वाटूही नये. खरं काम रांजण शोधण्याचं.

रांजण ओतून टाकला तर आतडी आकसत नाहीत आणि ती धडाबाहेर राहते. धडाच्या मानेत काचा भरणं किंवा धड पालथं करून ठेवणं हेही सांगितलेले उपाय. पालथ्या धडावर डोकं उलटं बसतं आणि सकाळी गावाला कळतं. तिघांपैकी कोणता उपाय करायचा ह्यावर टेबलावर जोरात वाद होतो आणि तो होऊ द्यावा. डोक्याचे आकडे किरकोळ ठेवलेत : आर्मर क्लास १४, हिट पॉइंट ३३, उडण्याचा वेग ४०.

वासाचा पुरावा : झाकणाच्या लहान बरणीत कापूस, त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे तीन थेंब. खेळाडू ज्या घरात शिरतील तिथे बरणी उघडून फिरवायची. थेंब वाढवले की खोलीभर वास राहतो आणि पुढची सगळीच घरं संशयित होतात.

हळद इथेही उपयोगी पडते, मलय घरांत ती असतेच. सोड्याने उमटलेलं लाल अक्षर व्हिनेगरने पुन्हा पिवळं होतं. म्हणून हळदीच्या कागदावर लाल रेघांची एक यादी द्यायची आणि त्यावर व्हिनेगरच्या बोटाने आधीच एक ठसा उमटवायचा. लाल रेघेच्या मधोमध पिवळं बोट दिसतं. ‘हा कागद कोणाच्या हातून आला?’ हा प्रश्न खेळाडू आपणहून विचारतात. झेरॉक्सच्या कागदात खडूची भर असते आणि थोडं व्हिनेगर त्यातच मुरतं, म्हणून बोट चांगलं ओलं हवं. चित्रकलेचा कागद त्या मानाने बरा.

६ जुलै — कोणावर आळ येतो

पेनांगलानच्या कथांत पुष्कळदा सुईण दोषी असते. हा भाग जसाच्या तसा टेबलावर आणला तर खेळाडू पहिल्या दहा मिनिटांत गावातली एकटी म्हातारी हेरतात. आपल्या राज्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याची प्रकरणं झालेली आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. इथून शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाची ही गोष्ट. तिचं भान पुस्तिकेच्या नियमांतच असायला हवं, प्रस्तावनेत एक ओळ लिहून भागत नाही.

म्हणून गावसभा भरवून दोषी ठरवण्याचा कुठलाही नियम नाही. हाताला सापडणारा पुरावाच ओळख पटवतो : वास, रांजण, पिवळा ठसा, रात्री रिकामं पडलेलं धड. वय, वैधव्य, जात, एकटेपण ह्यांना पुराव्यात जागा नाही. गावात तीन सुइणी ठेवल्यात, तिघीही कामात वाकबगार, आणि पेनांगलान त्यांच्यापैकी कोणीही नाही. ती कोण ते फाशाने ठरतं, सहा जणींच्या तक्त्यावर डी६. चुकीच्या घरात घुसलं तर गाव मदत थांबवतं आणि काट्यांची एक जुडी परत घेतं.

बाळ किंवा बाळंतीण टेबलावर मरत नाही. पेनांगलान आत शिरली तर घरातल्या पहारेकरी पात्राचं रक्त जातं. खेळ सुरू होण्याआधी विषय सांगायचा, आणि कोणालाही कारण न देता प्रसंग थांबवता यावा म्हणून एक्स कार्ड मधोमध ठेवायचं. मलय कथांतली पोंतियानाक ह्याच कारणाने वगळली : तिच्या मानेत खिळा ठोकला की ती आज्ञाधारक बायको होते, हा उपाय खेळायला देण्याजोगा नाही.

१४ जुलै — मनानांगल

कमरेतून दोन तुकडे. वरचा भाग वटवाघळाच्या पंखांनी उडतो, खालचा कुठेतरी उभा राहतो. त्या उभ्या भागाच्या कापावर मीठ, राख किंवा ठेचलेला लसूण चोळला की जोडणी होत नाही आणि उजाडलं की ती मरते. पनाय बेटावरच्या कापीझ प्रांताशी असल्या कथा फार जोडल्या जातात, म्हणून प्रवेश तिथला.

फिलिपिन्समधल्या ह्या कथांतला आवाजाचा भाग सर्वांत सुंदर आहे. टिक-टिक असा आवाज येतो. तो मोठा असतो तेव्हा ती लांब असते, आणि जवळ येईल तसा तो बारीक होत जातो. माणसाच्या कानाच्या सगळ्या सवयी ह्यात उलटतात.

टेबलावर हे टिपऱ्यांनी करायचं. सूत्रधार टेबलाखाली वाजवतो : १२० फुटांवर जोरात, ८० वर मध्यम, ४० वर हलकेच, २० फुटांच्या आत काहीच नाही. खेळाडूंना आधी सांगायचं नाही. पण पहिल्याच हल्ल्यात जीवही घ्यायचा नाही. पहिल्या वेळी आवाज थांबतो आणि एक कोंबडी नाहीशी होते, दुसऱ्या वेळी कुत्रं. तिसऱ्या वेळी आवाज बारीक व्हायला लागला की टेबलावर गप्पा थांबतात.

अडचण जुलैची. पत्र्यावर पाऊस पडत असताना ४० फुटांची टिपरी ऐकूच येत नाही आणि खेळाडू ती २० ची समजतात. पंख्याच्या आवाजानेही तेच होतं. शिवाय कमी ऐकू येणाऱ्या खेळाडूवर हा नियम अन्याय करतो. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी कापून घ्यायची कार्डं दिली आहेत : ‘टिक’ हा शब्द ४८, २४ आणि १२ पॉइंटात, आणि एक कोरं कार्ड. आवाजाबरोबर कार्ड उलटायचं, किंवा नुसतं कार्डच.

खालचं धड शोधायला गावात १२ जागा, डी१२ ने एक ठरवायची. वेळ दहा मिनिटांच्या पाळ्यांत, उजाडायला सहा पाळ्या. एका पात्राला एका पाळीत एकच जागा बघता येते. एकटा शोधायला गेला तर सहा पाळ्यांत सापडण्याची शक्यता निम्मी. दोघे गेले तर नक्की सापडतं, सरासरी साडेतीन पाळ्यांत, पण मागे गावात दोघेच उरतात आणि वरचा भाग त्यांच्यावर येतो. आठच जागा ठेवल्या तर दोघांना चार पाळ्या पुरतात आणि ताण राहत नाही. वरचा भाग : आर्मर क्लास १४, हिट पॉइंट ४५, उडण्याचा वेग ५०. धड शोधणाऱ्या पात्रांकडे मीठ एक मूठभर, एवढंच. ते वाटून घ्यायचं की एकाकडे ठेवायचं, हा निर्णय अंधार पडण्याआधी घ्यायला लावावा.

२८ जुलै — वेताळ

रिचर्ड बर्टनच्या १८७० च्या इंग्रजी पुस्तकाने वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं आणि पुढे खेळांच्या यादीतही तो त्याच रांगेत बसला. पण मूळ कथेत वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात राहतो आणि बोलतो. सोमदेवाच्या ११व्या शतकातल्या कथासरित्सागरात राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात बोलावतो आणि शिंशपा वृक्षावर लटकणारं प्रेत आणायला धाडतो. वाटेत वेताळ गोष्ट सांगून कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाचं डोकं फुटेल, बोलला तर प्रेत परत झाडावर.

ह्या पुस्तिकेत वेताळाला हिट पॉइंट नाहीत. सिंधुदुर्गातल्या आरवलीला वेतोबा गावाचा राखणदार आहे, लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. अशा देवाच्या नावापुढे आर्मर क्लास लिहायचा नाही. शिवाय लढाईची गरजच नाही, कथेतलाच नियम इतका घट्ट आहे.

रात्रीचे चार प्रहर, म्हणजे प्रेत आणण्याच्या चार खेपा, प्रत्येक खेपेला एक कोडं. मुख्य अडचण : गोष्ट ऐकून खेळाडू सरळ म्हणतो, ‘मला उत्तर माहीत नाही,’ आणि सुटतो. त्यावर तोड पत्त्यांची. सहा पत्ते, पाच लाल, एक काळा. कोडं पडल्यावर प्रेत वाहणारा खेळाडू एक पत्ता उचलून फक्त स्वतः बघतो. लाल म्हणजे त्याच्या पात्राला उत्तर माहीत आहे. मग बोलायचं आणि एक प्रहर घालवायचा, की गप्प राहून ४डी६ नुकसान सोसायचं. ते सरासरी १४, तिसऱ्या लेव्हलच्या पात्राचा अर्धा जीव. काळा म्हणजे खरंच माहीत नाही, गप्प राहणं सुरक्षित, प्रेत पोचलं. वापरलेला पत्ता परत मिसळायचा नाही. चार प्रहरांत काळा येण्याची शक्यता ४/६, म्हणजे ६७%. दोन काळे ठेवले तर ती ९३% होते आणि कोणी सोसायच्या भानगडीत पडत नाही.

प्रेत खांद्यावर असेपर्यंत वाहणारा खेळाडू खरोखर गप्प. मान हलवली तरी उत्तर धरायचं. बाकीचे तिघे गोष्टीतली माणसं होतात आणि आपापली बाजू मांडतात, त्यामुळे कोणी रिकामं बसत नाही.

कोडी नवी लिहिली आहेत. प्रत्येकाची गोष्ट २५० ते ३०० शब्दांची, म्हणजे वाचायला तीन मिनिटं. त्याहून लांबली की लोक फोनकडे वळतात. नमुना : नदीला पूर येतो. एक जण रात्रभर ओरडून गाव जागं करतो. दुसरा आपलं कुंपण तोडून पाण्याला वाट देतो. तिसऱ्याची जमीन वाहून जाते. पूर ओसरल्यावर दुसऱ्याच्या शेतात हातभर सुपीक गाळ साठलेला असतो, त्यात तिसऱ्याच्या रानातली माती आहे. गाळ कोणाचा? कृष्णेच्या काठावर राहणाऱ्यांना हा प्रश्न ऐकवून गप्प बसवणं फार अवघड जातं, आणि म्हणूनच तो पहिल्या खेपेला ठेवला आहे.

१८ ऑगस्ट

सलग खेळून पाहिल्यावरचे बदल. जियांगशीला पहाटेपर्यंत नुसतं टाळत राहण्याचा मार्ग फार सोपा जात होता. आता घरातला दिवा विझला की उंबऱ्यामागेही तो श्वास हुंगून भिंतीला धडका देतो. पेनांगलानच्या घराचा नकाशा आधी खेळाडूंना द्यायचा, नाहीतर सात वाटा लक्षात राहत नाहीत. मनानांगलच्या १२ जागांची नावं दोन शब्दांच्या आतली केली. वेताळ जसाच्या तसा.

७ सप्टेंबर — छपाई

३२ पानं म्हणजे ए४ चे आठ कागद, मधोमध दुमडून दोन पिना. आतला कागद ८० जीएसएम, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्डचं. पानसंख्या चारच्या पटीतच हवी. कार्डांचं पान अगदी मधलं ठेवलं, म्हणजे पिना उचकटून ते सुटं काढता येतं आणि बाकीची पुस्तिका शाबूत राहते. कार्डांच्या मागची बाजू कोरी, नाहीतर कापल्यावर मागचा मजकूर जातो.

अक्षरासाठी ‘मुक्त’ हा फॉन्ट, ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १६ पॉइंट. १३ ठेवलं तर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत शिरतात. आकड्यांच्या तक्त्यात ५ आणि ६ जवळून सारखे वाटतात, म्हणून तिथे अक्षर ठळक. छापखान्याला मूळ फाइल द्यायची नाही. तिथे जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट असतील तर जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यायची आणि नमुनाप्रतीत ‘क्ष’, ‘र्‍य’, ‘ट्र’ असलेली पानं आधी तपासायची.

हळदीच्या पट्ट्या पुस्तिकेत घालून विकायच्या नाहीत, शेजारच्या पानांना पिवळा डाग लागतो. त्या वेगळ्या काळ्या पाकिटात, आठ पट्ट्या आणि पाच ग्रॅम सोड्याची मोहरबंद पुडी. पाकिटावर ठळक छापायचं : डोळ्यांपासून दूर, लहान मुलांच्या हाती देऊ नये, पाणी १०० मिली.